२८ इंचांतली त्रिंकोमाली

लाकडी जहाज म्हटले की दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीतली शोभेची वस्तू डोळ्यांपुढे येते. प्रमाणात केलेली प्रतिकृती ही वेगळी गोष्ट आहे. मी अनेक वर्षे हा छंद करतो आहे. आज ज्या जहाजाविषयी सांगणार आहे, ते आपल्या मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’.

ब्रिटिश आरमारासाठी जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी हे तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज बांधले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा होता आणि मुंबईत मलबारचा उत्तम साग मिळत होता. तो साग इतका टिकला, की हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे.

त्याच्या आराखड्यांची कथा मोठी विलक्षण आहे. ते ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेतून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला हरवले, आणि नंतर ती जाळून टाकण्यात आली. आराखडे गेले. दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईला थांबावे लागले.

प्रतिकृतीचे कामही आराखड्यापासूनच सुरू होते. प्रमाण १:६४ धरले, तर दीडशे फुटांची तोफांची डेक सुमारे २८ इंच होते आणि डेकवरचा माणूस जेमतेम इंचभर. आधी वर्ष ठरवावे लागते. १८४७ मध्ये तोफा कमी करून तिला सेवेत घेतले होते. म्हणजे १८१७ ची त्रिंकोमाली वेगळी दिसेल.

मग प्लायवूडचा कणा कापायचा. कोकणातले सुतार याला पठाण म्हणतात. त्यावर ठरावीक अंतराने फासळ्या उभ्या करायच्या. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, फासळ्यांच्या कडा कानशीने तिरप्या घासाव्या लागतात. नाहीतर पट्टी कडेवरच टेकते आणि मध्ये फट राहते.

खरी परीक्षा पट्ट्यांची. जहाजाचे पोट मधोमध मोठे, टोकांना लहान. पट्ट्यांची संख्या मात्र तीच. म्हणून मध्ये ५ मिलिमीटर रुंद असलेली पट्टी नाळेपाशी ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागते. ती पाण्यात भिजवायची, उष्णता देऊन वाकवायची, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशी लावत जायची. एकच बाजू भरत गेलात तर कणाच वाकतो.

लोक विचारतात, मूळ जहाज सागाचे, मग प्रतिकृती सागाची का नाही? जहाज चौसष्ट पटींनी लहान करता येते, सागाचे रेषे लहान करता येत नाहीत. इवल्याशा पट्टीवर ते दोरखंडाएवढे दिसतात. त्यासाठी हळदूसारखे बारीक पोताचे लाकूड बरे.

नाळेजवळच्या एकेका पट्टीशी मी तासन् तास झटतो, तेव्हा एक विचार येतो. पट्टी किती वळवायची हे आराखडा सांगतो. कशी वळवायची हे सांगत नाही. माझी पट्टी एक मिलिमीटर जाडीची आहे. मुंबईच्या गोदीतल्या सुतारांनी जाडजूड सागवानी फळ्यांना तोच पीळ दिला होता. जावाबरोबर नष्ट झालेल्या आराखड्यांची दुसरी प्रत तरी काढता आली. सुतारांच्या हातातल्या ज्ञानाची प्रत कागदावर उतरत नाही; ते बापाकडून मुलाकडे, शेजारी उभे राहूनच जाते. वाडियांचे नाव इतिहासात राहिले. त्या सुतारांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे कारागीर अजून आहेत. घरातल्या मुलांना एकदा त्यांचे काम दाखवून आणा. त्यातल्या एखाद्याला घरी येऊन चार पट्ट्या वाकवून पाहाव्याशा वाटल्या, तर एक कानशी, थोडा डिंक आणि भरपूर सवड एवढ्यावर सुरुवात होते.