आमचा सहा जणांचा मॉब

‘काय मॉब होता रे!’ हे वाक्य आपण किती सहज टाकतो ना! वीकेंडचा एफसी रोड असो, विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रोड असो, नाहीतर सेलच्या पहिल्या दिवशीचा मॉल. मॉब म्हणजे खूप लोक, धक्काबुक्की, आरडाओरडा... आणि मुख्य म्हणजे त्यात आपण नाही! मागच्या महिन्यापर्यंत मला तरी एवढाच अर्थ ठाऊक होता.

झालं असं, की टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीच्या मेलमध्ये स्पेलिंगची भलतीच चूक झाली. आणि मेल गेला ‘रिप्लाय ऑल’! बस्स, तिला वगळून आम्हा सहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार. पहिला स्टिकर माझा. मग रोजचंच सुरू झालं. कधी तिचे उच्चार, कधी तिचा डबा, कधी तिचं मीटिंगमध्ये गप्प बसणं. ती कॅन्टीनमध्ये आली की, ‘इथे कुणीतरी बसलंय गं!’ आठवड्याभरात ती एकटी जेवायला लागली.

एका कॉलनंतर क्लायंटकडच्या जर्मन बाईंना मी हा किस्सा रंगवून सांगितला. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘आमच्याकडे याला मॉबिंग म्हणतात.’

सहा जणांचा कुठला आलाय मॉब? रात्री घरी येऊन शब्द खणायला घेतला.

मूळ निघालं लॅटिन. ‘मोबिले वुल्गुस’ म्हणजे चंचल जनता, वारा येईल तशी पाठ फिरवणारी. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी त्याची शेपटी छाटली आणि उरला ‘मॉब’. जोनाथन स्विफ्टला अशा तुटक्या शब्दांचा मनस्वी राग होता. १७१०मध्ये ‘टॅटलर’मध्ये त्यानं त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, त्यात ‘मॉब’ही होता. पण लोकांनी ऐकलं नाही. आणि गंमत बघा, आपल्या खिशातला ‘मोबाइल’ही त्याच लॅटिन शब्दाचा भाऊ!

पुढे या शब्दानं बरीच सोंगं घेतली. ऑस्ट्रेलियात कांगारूंचा कळप म्हणजे मॉब. तिथले आदिवासी तर ‘माय मॉब’ म्हणतात ते प्रेमानं, माझी माणसं या अर्थी. २००३मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिल वासिकनं लोकांना निरोप पाठवून एका दुकानात अचानक जमवलं आणि ‘फ्लॅश मॉब’ जन्माला आला. नोव्हेंबर २०११मध्ये आपल्या सीएसटीवर दोनशेच्या आसपास मंडळी ‘रंग दे बसंती’वर नाचली, तो व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल.

पण फॉरवर्डची दुसरी बाजूही आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी ती भटक्या समाजातली माणसं. अफवा मोबाइलवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. मराठी वर्तमानपत्रांनी अशा मृत्यूंना शब्द दिला, झुंडबळी.

हाच पाचाचा आकडा कायद्यातही आहे. पाच किंवा जास्त माणसं बेकायदा हेतूनं एकत्र आली, की तो बेकायदेशीर जमाव. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी वेगळं पोटकलम आहे. म्हणजे मॉब व्हायला हजार माणसं लागतच नाहीत!

आणि ‘मॉबिंग’? तो शब्द आला पक्ष्यांकडून. कावळे मिळून घारीला टोचून हुसकावतात ना, ते मॉबिंग. १९८०च्या दशकात हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञानं स्वीडनमध्ये तोच शब्द ऑफिसला लावला. सहकाऱ्यांनी मिळून एकाला सतत टोमणे मारायचे, वाळीत टाकायचं, तो स्वतःहून निघून जाईपर्यंत. फरक इतकाच, की कावळ्यांना घारीची खरोखर भीती असते. आम्हाला तिची कसली होती?

राईनपाडा आणि आमचा ग्रुप एका मापानं मोजायचा नाही, हे मला कळतं. पण ‘सगळेच करतायत’ हे वाक्य मात्र दोन्हीकडे सारखंच असणार. मॉबमध्ये कुणाचं नाव नसतं, हीच तर त्याची सोय!

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्या टेबलावर गेलो. म्हटलं, ‘आमचं चुकलं. सॉरी.’

तिनं मान वर केली. ‘तो पहिला स्टिकर कुणाचा होता?’ म्हणजे स्क्रीनशॉट तिच्यापर्यंत पोचला होता तर!

‘माझा.’

‘मग “आमचं” कशाला म्हणतोस? तुझं म्हण ना.’

म्हटलं. ‘माझं चुकलं.’ ती लगेच हसली वगैरे नाही. पण समोरच्या खुर्चीवरची पर्स मात्र तिनं उचलून घेतली.

ग्रुपमधून मी बाहेर पडलोय. आता तिथे पाच जण उरलेत. अजून एकानं निघायला हवं!