अनुमान म्हणजे अंदाज नव्हे

'मराठी आपलीच भाषा, उतारे काय, तिथल्या तिथे सुटतील!' सीटेटची (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी करणाऱ्यांना हा समज सर्वांत महागात पडतो. या परीक्षेत भाषा-1च्या 30 गुणांपैकी 15 गुण अपठित उताऱ्यांवरच्या प्रश्नांना असतात. त्यात एक गद्य किंवा नाट्यउतारा असतो आणि एक कविता. भाषा-2मध्येही उताऱ्यांना 15 गुण आहेत. म्हणजे 150 पैकी 30 गुण झाले, आणि त्यासाठी लोक अभ्यासाचा एक तासही राखून ठेवत नाहीत.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे: अनुमान म्हणजे अंदाज. ही दोन वाक्यं पाहा. 'सखू घागर घेऊन गेली, तशीच रिकामी परत आली. त्या दिवशी तुळशीला भांडी विसळलेलं पाणी मिळालं.' यावरून काय अनुमान निघतं? 'गावातली विहीर आटली' हा पर्याय खरा वाटतो, पण विहिरीचा उल्लेखच नाही. नळ गेला असेल, टँकर आला नसेल. 'सखूने घागर रिकामी आणली' हे खरं आहे, पण ते लिहिलेलंच आहे. त्यात अनुमान कुठे? 'सखूच्या घरी त्या दिवशी पाणी जपून वापरलं गेलं' हे मात्र कुठे लिहिलेलं नाही, तरी दोन्ही वाक्यं मिळून तिकडेच बोट दाखवतात. ज्या शब्दांवर बोट ठेवता येतं, त्यांतूनच अनुमान निघतं. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असलेला पर्याय म्हणजे उत्तर, हा समजही इथेच गळून पडतो.

शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, ती त्यांच्या अभ्यासामुळेच. उताऱ्याचा लेखक पाठांतराची बाजू घेत असेल आणि प्रश्न 'लेखकाच्या मते' असा असेल, तर डी.एड.ला शिकलेला ज्ञानरचनावाद बाजूला ठेवावा लागतो. उत्तर लेखकाचं हवं, आपलं नव्हे.

वेगाची भीतीही अवाजवी आहे. 150 प्रश्नांना 150 मिनिटं मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. उतारा नुसता चाळून प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा वर धावण्यापेक्षा एकदा सावकाश वाचलेला बरा. कवितेला तर दुसरं वाचन द्यावंच.

आणि सराव म्हणजे ढीगभर प्रश्नपत्रिका सोडवणं नव्हे. रोज एकच उतारा घ्या, वर्तमानपत्राचा अग्रलेखही चालेल. त्यावर स्वतः एक अनुमानाचा प्रश्न आणि चार पर्याय तयार करा. बरोबर पर्यायापुढे आधाराचं वाक्य लिहा. उरलेल्या तिन्हींपुढे कारण लिहा: उताऱ्याच्या विरुद्ध, उताऱ्याबाहेरचं, की खरं असूनही विचारलेलं नाही. फसवा पर्याय स्वतः रचायला लागलं की परीक्षेतला फसवा पर्याय लवकर ओळखू येतो.