अडकलेली मोटार, बारीक वायर आणि बॅटरीचा चार्जर

बालमित्रांनो, नगरचं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. (२०२४ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एस.टी.त चढताना आपण अजून 'नगर'च म्हणतो.) लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं हे संग्रहालय १९९४ साली सुरू केलं. तिथली सहल आटोपून आलेल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: रणगाड्याची चाकं तर डावी-उजवीकडे वळत नाहीत, मग तो वळतो कसा?

शेतात औत वळवताना पाहिलंय ना? आतला बैल जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा भरभर चालतो. रणगाड्याचंही तसंच. डावा पट्टा हळू आणि उजवा जोरात फिरवला की तो डावीकडे वळतो. हे एकदा कळलं की रिमोटवर चालणारा छोटा रणगाडा घरी बनवणं काही अवघड नाही. दोन मोटारी, दोन स्विच, थोडी वायर आणि बॅटरी. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी असे दोन-चार रणगाडे असतातच.

आणि त्यांतले निम्मे ऐन वेळी बंद पडतात, बरं का! घरी टेबलावर उचलून धरला तेव्हा पट्टे गरगर फिरत होते. प्रदर्शनात जमिनीवर ठेवला, की थोडं गुरगुरून गप्प. मग मुलं म्हणतात, "सर, मोटार खराब निघाली." मोटार बहुतेक वेळा चांगलीच असते.

ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला लवकर समजेल. विहिरीवरची मोटार कधी जळते? पंख्यात कचरा अडकला, बेअरिंग जाम झालं, व्होल्टेज फार कमी झालं, किंवा तीनपैकी एक फेज गेली, तेव्हा. म्हणजे फिरणं जड झालं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि मग वाइंडिंग जळतं. म्हणून तर स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. तो वेळेवर पडला तर रिवायंडिंगचा खर्च वाचतो.

खेळण्यातली मोटारही हाच नियम पाळते. ती फिरत असताना स्वतः थोडी डायनामोसारखी वागते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेनं दाब तयार करते. त्यामुळे तिच्यातून करंट थोडाच जातो. तिला थांबवलं की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि करंट एकदम वाढतो. पिवळ्या डबीतली, गिअरवाली जी मोटार दुकानात 'बीओ मोटार' या नावानं मिळते, ती ६ व्होल्टवर रिकामी फिरताना पाव अँपिअरही घेत नाही. तिचं चाक बोटांनी धरून थांबवलंत तर तीच मोटार सुमारे १ अँपिअर ओढते. गाडी सुरू होतानाचा पहिला क्षण म्हणजे थांबलेली मोटारच की! चढावर, गालिच्यावर, वळताना पट्टा घासला तरी करंट वाढतोच.

तेव्हा वायर, स्विच, बॅटरी काय घ्यायचं ते ठरवताना 'मोटार फिरताना किती करंट घेते' हे विचारू नका. 'अडकल्यावर किती घेते' हे विचारा.

आता वायरीचं गणित करून पाहू. अवघड नाही, सातवीच्या मुलाला सहज जमेल. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची, १ मीटर लांब तार घेतली तर तिचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. तार दहापट बारीक, तर रोध दहापट. तुमच्या हातातल्या रिमोटपासून रणगाड्यापर्यंत ३ मीटर अंतर आहे असं धरा. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून तार झाली ६ मीटर. जुन्या इअरफोनमधून काढलेली अगदी बारीक, समजा ०.०५ चौरस मिलिमीटरची तार वापरलीत, तर ६ मीटरचा रोध होईल २ ओहम. मोटार सुरू होताना १ अँपिअर मागते. २ गुणिले १ म्हणजे २ व्होल्ट. तुमच्या ६ व्होल्टमधले २ व्होल्ट वायरीनंच खाल्ले! हवेत पट्टे फिरताना करंट थोडा होता, म्हणून ही चोरी तेव्हा कळली नाही.

मग कुठली वायर घ्यावी? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात '१४/३६' मागा. पहिला आकडा आतल्या बारीक तारांची संख्या सांगतो आणि दुसरा त्या तारेचा गेज. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. ३६ गेजची तार साधारण ०.१९ मिलिमीटर जाड असते. अशा १४ तारा मिळून सुमारे ०.४ चौरस मिलिमीटर होतात. ६ मीटरला रोध पाव ओहम, म्हणजे १ अँपिअरला फक्त पाव व्होल्ट जातो. चालेल. बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या वायरीतून दोन्ही मोटारींचा करंट एकत्र जातो, तिथे '२३/३६' घ्या. टेलिफोनची वायर पुष्कळ जण वापरतात, पण तिच्यात एकच तार असते. चार वेळा वाकली की आतल्या आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. मला ती मुळीच आवडत नाही.

स्विच सहा पायांचा घ्यायचा, डीपीडीटी म्हणतात त्याला. त्यातही सोडल्यावर आपोआप मध्ये येऊन बंद होणारा. मधले दोन पाय मोटारीला जोडायचे. एका टोकाच्या दोन पायांना बॅटरीचे प्लस-मायनस, आणि तिथूनच दुसऱ्या टोकाच्या दोन पायांना तिरप्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या वायरी. दांडी पुढे केली की मोटार सुलट, मागे केली की उलट. प्रत्येक मोटारीला स्वतंत्र स्विच द्या. दोन मोटारी एकीमागे एक, म्हणजे एकसरीत जोडू नका; व्होल्टेज दोघींत वाटलं जातं. पहिल्यांदा जोडल्यावर एक पट्टा हमखास उलटा फिरेल, कारण दोन मोटारी समोरासमोर तोंड करून बसवलेल्या असतात. एका मोटारीच्या दोन वायरी बदला, झालं.

वायरवाला रिमोट म्हणजे कमीपणा असं मात्र मानू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जर्मनीनं 'गोलायथ' नावाचं एक बुटकं, पट्ट्यांवर चालणारं वाहन रणांगणात उतरवलं. स्फोटकं भरून ते शत्रूकडे सोडायचे. त्याच्या पहिल्या प्रकारात दोन विजेच्या मोटारी होत्या आणि मागे साडेसहाशे मीटर लांब, तीन तारांची केबल उलगडत जायची. इतक्या लांब तारेतून मोटारींचा करंट पाठवला असता तर काय झालं असतं, ते तुम्ही आता सांगू शकाल. म्हणून बॅटऱ्या वाहनातच होत्या, केबलमधून फक्त हुकूम जायचा. जीव घेण्यासाठी बनवलेलं यंत्र ते. त्याच्या अगदी उलट काम करतो आपल्या पुण्याजवळच्या दिघी इथल्या संरक्षण संशोधन संस्थेत घडलेला 'दक्ष'. बॅटरीवर चालणारा हा यंत्रमानव माणसाऐवजी बॉम्बजवळ जातो, आणि २०११ साली तो लष्कराला मिळाला. 

बिनतारी गाडी करायची असेल तर स्विचऐवजी मोटार चालवणारं सर्किट लागतं. शाळकरी किटमध्ये बहुधा 'एल२९३डी' ही चिप असते. ती एका मोटारीला सतत ०.६ अँपिअरच देऊ शकते. आपली मोटार अडकल्यावर १ अँपिअर मागते, म्हणून ती चिप चटका बसेल इतकी तापते. मोठ्या हौशी गाड्यांमध्ये तीन वायरींची ब्रशलेस मोटार असते. ती उलटी फिरली तर घाबरू नका. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. विहिरीवरची थ्री-फेज मोटार उलटी फिरल्यावर वायरमनदादा हेच करतात.

आता बॅटरी. रेडिओत घालायची चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिसते ऐटबाज, पण रणगाड्याला ती निकामी. तिच्या पोटात सहा इवलेसे सेल असतात आणि त्यांना एवढा करंट देताच येत नाही. त्यापेक्षा पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. एकेकाचा दाब १.२ व्होल्ट, चारांचा ४.८. ऐकायला कमी वाटतो, पण जड कामातही तो टिकून राहतो. बॅटरीच्या प्लसजवळ २ अँपिअरचा काचेचा फ्यूज लावा. वायरी एकमेकींना चिकटल्या तर तो उडेल, बाकी काही जळणार नाही.

पालकांनो, पुढचा भाग तुम्हीही वाचा.

सेलवर '२००० एमएएच' लिहिलेलं असतं, म्हणजे तो २००० मिलिअँपिअर करंट साधारण तासभर देऊ शकेल. संथ चार्जिंगचा जुना नियम असा, की या आकड्याच्या एक दशांश करंटनं, म्हणजे २०० मिलिअँपिअरनं, चौदा ते सोळा तास चार्ज करायचं. भागाकार केला तर दहाच तास येतात, पण दिलेला सगळा करंट काही सेलमध्ये साठत नाही. घाई असेल तर सेल भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. असा चार्जर एक गंमत ओळखतो: हा सेल पूर्ण भरल्यावर त्याचा दाब किंचित उतरतो. ती उतरण दिसली की चार्जर बंद.

लिथियमच्या सेलमध्ये ही उतरण येतच नाही. म्हणून निकेलच्या चार्जरवर लिथियमचा सेल लावला तर चार्जर वाट पाहत बसतो आणि सेल भरतच जातो. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला थांबलाच पाहिजे. त्यापुढे तो तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका ई-स्कूटरनं पेट घेतला होता. त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्यावर सरकारनं डिसेंबरपासून गाड्यांच्या बॅटऱ्यांचे नियम कडक केले. मुलं ज्या सुट्या सेलशी खेळतात, त्यांच्यावर मात्र लक्ष ठेवायला आपणच.

सगळ्यांत जास्त भीती मला वाटते ती एका 'युक्ती'ची. जुन्या मोबाईलची बॅटरी काढायची, मोबाईलच्या चार्जरची वायर सोलायची आणि थेट बॅटरीला जोडायची. मुलांना वाटतं, मोबाईलचीच बॅटरी, मोबाईलचाच चार्जर, मग चुकतंय कुठे? पण आपण ज्याला चार्जर म्हणतो तो फक्त ५ व्होल्ट देणारा अ‍ॅडॅप्टर असतो. भरून झालं की थांबवणारं खरं सर्किट मोबाईलच्या आत राहिलं! सोललेल्या वायरीला ४.२ व्होल्टवर थांबायचं कोण सांगणार? एका लिथियम सेलसाठी 'टीपी४०५६' नावाचं छोटं तयार सर्किट स्वस्तात मिळतं, ते ४.२ व्होल्टला थांबतं. पण तेही १ अँपिअरनं चार्ज करण्यासाठी बसवलेलं असतं. ५०० एमएएचच्या छोट्या सेलला ते दुप्पट जोरात भरवील. सेल किमान १००० एमएएचचा हवा. दोन सेल जोडून केलेला ७.४ व्होल्टचा पॅक असेल तर त्याला पांढरा, तीन तारांचा वेगळा प्लग असतो. त्यासाठी दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच लागतो. प्राथमिकच्या मुलांनी लिथियमच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. निकेलचे चार सेल रणगाड्याला पुरेसे आहेत.

चार्जिंग शहाबादी फरशीवर करा, गादीवर किंवा दप्तराशेजारी नको. घरात मोठं माणूस जागं असताना करा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी सेल चार्ज करू नका. खेळून गरम झालेला सेल आधी थंड होऊ द्या. साधे, एकदाच वापरायचे पेन्सिल सेल चार्जरमध्ये घालू नका. ते गळतात, फुटूही शकतात. फुगलेला लिथियम सेल दाबू नका, टोचू नका आणि पुन्हा चार्ज तर मुळीच करू नका. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, वाळूनं भरलेल्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि वडीलधाऱ्यांकडून ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात पोचवा. कचऱ्याच्या गाडीत टाकलात, तर तिथल्या दाबाखाली तो गाडीतच पेटू शकतो.