आधी आराखडा की आधी तुकडा?

छत्रपती संभाजीनगरलगत शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर वसवले जात आहे. अशा शहराच्या कामात प्रकल्प-व्यवस्थापनाच्या पारंपरिक आणि अजाइल या दोन्ही पद्धती उपयोगी पडतात.

पारंपरिक (वॉटरफॉल)
▪ क्रम : गरज, आराखडा, बांधणी, तपासणी, ताबा. एक टप्पा संपला की दुसरा.
▪ कुठे शोभते : जमिनीखालच्या जलवाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या, वीजवाहिन्या. रस्ता झाल्यावर व्यास कमी पडल्याचे कळले, तर खोदकाम आलेच.
▪ टोकाचे उदाहरण : आठव्या शतकातले वेरूळचे कैलास लेणे. अखंड खडक कळसाकडून पायाकडे कोरला. फोडलेला दगड परत जोडता येत नाही.

अजाइल
▪ जाहीरनामा : फेब्रुवारी २००१, अमेरिकेतील यूटा राज्यात जमलेले १७ सॉफ्टवेअर-जाणकार.
▪ क्रम : ‘स्क्रम’ या अजाइल चौकटीत जास्तीत जास्त महिनाभराचा ‘स्प्रिंट’ (कामाची एक फेरी), रोज १५ मिनिटांची बैठक, शेवटी वापरता येईल असा तुकडा.
▪ कुठे शोभते : भूखंडाचा अर्ज किंवा बांधकाम परवानगीची ऑनलाइन प्रणाली. उद्योजक अडखळतात तो रकाना पुढच्या फेरीत बदलता येतो.

निवड कशी करावी?
चूक सुधारायला जेसीबी लागणार असेल, तर आराखड्यावर वेळ घाला. कीबोर्डवर भागणार असेल, तर लवकर वापरात आणा आणि सुधारत जा. दोन्ही असतील, तर कामाची वाटणी आधीच करा.