कंबरेचं माप

लंडनच्या बसवर नोकरीला लागलं की गणवेश मिळायचा. गणवेश म्हटला की शिंपी आला, शिंपी आला की टेप आली आणि मोठ्या संस्थेचा खाक्या असा, की प्रत्येकाच्या पँटच्या कंबरेचं माप वहीत चढलं. कापड किती लागेल याचा अंदाज, याहून जास्त उपयोग त्या मापांचा असू शकतो असं कुणाला वाटलं नव्हतं. १९५६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांवर एक निबंध आला. त्याचं उपशीर्षक होतं, ‘गणवेशांचं साथरोगशास्त्र’. वैद्यकीय निबंधाला इतकं खट्याळ नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यात दाखवलं होतं की ड्रायव्हरची पँट कंडक्टरच्या पँटपेक्षा कंबरेत रुंद असते आणि हा फरक तरुण वयातही दिसतो.

या निबंधाने मला गेली कित्येक वर्षं नादी लावलं आहे. ‘देशातल्या कमावत्या वयाच्या लोकांचं शारीरिक आरोग्य’ म्हटलं की डोळ्यांवर झापड येते. आकडे, आलेख, मंत्र्यांची भाषणं. पण तोच विषय पँटच्या कंबरेतून कळला की झोप उडते.

या विषयाचा मागचा इतिहास चार ओळींत उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण सैनिक व्हायच्या लायकीचे निघाले नाहीत, तेव्हा ब्रिटनला आपल्या कामगारवर्गाच्या शरीराची पहिल्यांदा धास्ती बसली. १९०४ मध्ये ‘शारीरिक ऱ्हासा’वर समितीचा अहवाल आला, १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी आली आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा. झालं. आता बसकडे वळू.

या गोष्टीचा नायक जेरी मॉरिस. जन्म १९१० चा, पोलंडकडून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, वाढला ग्लासगोत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्याने भारतात आणि ब्रह्मदेशात काही वर्षं काढली. कुठल्या छावणीत होता, इथला उन्हाळा त्याने कसा सोसला, हे शोधायचा मोह मला अनेकदा झाला आहे, पण तो आवरतो. परत गेल्यावर १९४८ मध्ये त्याने सामाजिक वैद्यकाचं संशोधन केंद्र उभं केलं. त्या काळात ब्रिटनमध्ये एक नवीच साथ पसरत होती. क्षय मागे हटत होता आणि चाळिशी-पन्नाशीतले कमावते पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. मॉरिसला वाटलं, माणूस दिवसाचे आठ तास जे काम करतो त्यात काही धागा मिळतो का ते बघू.

बसच का? तर लंडन ट्रान्स्पोर्टकडे नोंदी चोख होत्या. कोण कधी आजारी पडला, कशाने गेला, किती दिवस रजेवर होता, सगळं कागदावर. आणि दुसरं कारण तर अफलातून होतं. एकाच बसवर दोन माणसं काम करतात. पगारात फार अंतर नाही, वस्ती तीच, खाणं तेच, डेपोतला चहाही तोच. एक दिवसभर बसतो, दुसरा दिवसभर चालतो. निसर्गाने प्रयोग मांडून ठेवला होता, फक्त कुणीतरी मोजायला हवं होतं.

लंडनला गेलो तेव्हा कॉव्हेंट गार्डनमधल्या वाहतूक संग्रहालयात त्या जमान्यातली लाल दुमजली बस मुद्दाम बघून आलो. मागच्या बाजूला उघडा फलाट, तिथूनच वर वळत जाणारा अरुंद जिना. बायको बाकीचं संग्रहालय बघून, दुकानातून चुंबकं घेऊन परत आली तरी मी त्या जिन्यापाशीच उभा होतो. ड्रायव्हरची केबिन पुढे, वेगळी, एकलकोंडी. तो पाळीचा नव्वद टक्के वेळ बसून असायचा. कंडक्टर मात्र खालच्या मजल्यावर तिकिटं फाडून वर, वरची संपवून पुन्हा खाली. दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या.

इथे मुंबईकराच्या मनात आपली लाल दुमजली बस येतेच. मुंबईत ती १९३७ मध्ये धावू लागली. मीही मनोमन लंडनचं गणित बेस्टच्या बसला लावून मोकळा झालो होतो. परळला आमच्या ओळखीचे एक निवृत्त कंडक्टर आहेत, त्यांना मोठ्या उत्साहाने मॉरिसची गोष्ट सांगितली. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “अहो, डबलडेकरला आम्ही दोघं असायचो. वर एक, खाली एक. वरचा वर, खालचा खाली. जिना पब्लिकने चढायचा.” मुंबईच्या दुमजली बसवर दोन कंडक्टर लागायचे हे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि तरीही त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. काकांचं म्हणणं असं, की त्यांच्या नोकरीत पाय चालून थकले नाहीत, उभं राहून सुजले. गर्दीच्या बसमध्ये दांडीला पाठ टेकवून तिकीट फाडायचं, पंच टिकटिकवत “पुढे चला” ओरडायचं आणि बेलची दोरी ओढायची. हे काम वेगळं, त्याचा अभ्यासही वेगळाच व्हायला हवा होता.

तर मॉरिस. लंडन ट्रान्स्पोर्टच्या ३५ ते ६४ वयाच्या ३१ हजार पुरुषांच्या नोंदी त्याने तपासल्या. ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण वर्षाला हजारी २.७, कंडक्टरांमध्ये १.९. कंडक्टरला हा आजार झालाच तर तो उशिरा आणि सौम्यपणे व्हायचा. ड्रायव्हर पहिल्याच झटक्यात जाण्याचं प्रमाण बरंच जास्त. पहिले आकडे १९४९ मध्येच हाती आले होते. आजचा एखादा संशोधक दुसऱ्या दिवशी वार्ताहर परिषद घेईल. मॉरिस थांबला. व्यायामाचा हृदयाशी संबंध असेल ही कल्पनाच तेव्हा वैद्यकात नव्हती आणि एका बसवरून एवढं मोठं विधान करायला तो धजेना. मग त्याने टपाल खातं घेतलं. तिथेही तेच. दारोदार पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारा पोस्टमन सुखरूप, टेबलाशी बसणारा कारकून आणि टेलिफोनवर बसणारा जास्त धोक्यात. तेव्हा कुठे १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला.

टीका झालीच. ड्रायव्हरला लंडनच्या रहदारीचा ताण असतो, त्याचं काय? आणि मुळात अंगाने जड माणूसच बसून करायची नोकरी निवडत असेल तर? या दुसऱ्या शंकेसाठी मॉरिस आणि त्याचे सहकारी पँटच्या मापांकडे गेले. शंका अर्धी खरी निघाली, ड्रायव्हर जाडे होतेच. पण सडपातळ कंडक्टर आणि सडपातळ ड्रायव्हर, स्थूल कंडक्टर आणि स्थूल ड्रायव्हर अशा जोड्या लावल्या तरी अचानक मृत्यू कंडक्टरांत कमीच. पुढे १९६७ मध्ये आणखी एका निबंधाने दाखवलं, की भरतीच्या वेळीच ड्रायव्हर होऊ पाहणाऱ्यांच्या रक्तातली चरबी जास्त असते. म्हणजे जिन्याला सगळं श्रेय देता येत नाही. मला या प्रकरणात हेच सगळ्यात आवडतं. आपल्याच लाडक्या निष्कर्षाला ही माणसं वीस वर्षं टोचण्या देत राहिली.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. अंगमेहनतीची कामं कमी होत होती, खुर्च्या वाढत होत्या. सगळेच ड्रायव्हर होणार तर त्यांनी काय करायचं? मॉरिसने चाळीस ते चौसष्ट वयाचे सुमारे १७ हजार सरकारी अधिकारी घेतले. सोमवारी सकाळी कार्यालयात येताच पूर्वसूचना न देता त्यांना मागच्या शुक्रवार-शनिवारचा पाच-पाच मिनिटांचा हिशेब लिहायला लावला. ज्यांनी फावल्या वेळात घाम निघेल असं काही केलं होतं, पोहणं, भरभर चालणं, त्यांच्यात हृदयविकार निम्म्याहून कमी. रमतगमत बागकाम करणाऱ्यांना मात्र काही मिळालं नाही. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालून व्यायाम झाला म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे दर रविवारी ऐकवतो.

यावरून अंगमेहनत म्हणजे आरोग्य असं कुणी समजू नये. पाठीवर पोतं वाहणारा माथाडी कामगार लंडनच्या कंडक्टरपेक्षा कितीतरी जास्त कष्टतो, पण त्याचे गुडघे आणि कणा पन्नाशीतच जाब विचारतात. ओझं वाहणं, वाकणं, विश्रांतीशिवाय तासन् तास राबणं यातून हृदयाला फायदा होत नाही, उलट नुकसानच होतं, असं अलीकडचे अनेक अभ्यास सांगतात. कंडक्टरचं काम नशीबवान होतं. थोडं चढणं, थोडं उतरणं, मध्ये दम घ्यायला जागा आणि हातात ओझं म्हणाल तर नाण्यांची पिशवी.

मॉरिसला हे पुरतं ठाऊक होतं. लोकांना नुसतं ‘पळा, पोहा’ म्हणून सांगणारा तो माणूस नव्हता. सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली गरीब-श्रीमंतांच्या आरोग्यातल्या दरीवर अहवाल झाला, त्याच्या चार कर्त्यांत तो होता. थॅचर सरकारने हा अहवाल ऑगस्ट १९८० मध्ये, सुटीच्या सोमवारी, अवघ्या २६० प्रती काढून प्रसिद्ध केला. लोकांनी वाचू नये असा पक्का बंदोबस्त. परिणाम उलटा झाला आणि तो गाजला. निरोगी जगायला किमान किती उत्पन्न लागतं, याचा हिशेब मॉरिस नव्वदीत मांडत होता. स्वतः लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर तो धावायचा तेव्हा लोक त्याला वेडा समजत. १९९६ मध्ये ऑलिम्पिक समितीने व्यायामशास्त्राचा सन्मान राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन संशोधकासोबत त्याला दिला. २००९ मध्ये तो गेला तेव्हा वय होतं ९९.

ज्या माणसामुळे हे कळलं तो कंडक्टर लंडनने हळूहळू काढून टाकला. ९ डिसेंबर २००५ ला १५९ क्रमांकाच्या मार्गावरून ‘रूटमास्टर’ ही जुनी दुमजली बस शेवटची धावली आणि नेहमीच्या सेवेतला जिन्यावरचा कंडक्टर संपला. आजारी ठरलेला ड्रायव्हर तेवढा राहिला. मुंबईत जुन्या डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या. आणि आपण? २०२४ च्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. सन २००० मध्ये एकूण प्रमाण २२ टक्के होतं. दोन दशकांत निम्मा देश आळशी झाला असं मला वाटत नाही. कामं बदलली, रस्ते चालण्याजोगे राहिले नाहीत आणि बायकांना घरची-दारची कामं उरकून स्वतःसाठी अर्धा तास मिळत नाही. त्याचा दोष माणसाच्या निश्चयावर ढकलणं सोपं आणि खोटं आहे.

सुरुवात मात्र कुठूनही करता येते. आपल्या इमारतींमध्ये लिफ्ट दर्शनी आणि जिना मागे, अंधारात. तिथे दिवा बंद, कुणाचं चपलांचं कपाट, कुणाची मोडकी सायकल, कोपऱ्यात पानाची पिचकारी. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं भांडण संपलं, की हा विषय काढा. जिन्यात दिवे लावून घ्या, अडगळ हलवा आणि एकदा रंग मारून घ्या.