मांडीवर मावेल, पण मांडीला सोसेल का?

‘लॅप’ म्हणजे मांडी. नावावरून पाहिले तर लॅपटॉप हा मांडीवर ठेवून वापरण्याचा संगणक. परंतु अनेक लॅपटॉपसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत एक सूचना असते : यंत्र कडक व सपाट पृष्ठभागावर ठेवावे, गादीवर, उशीवर किंवा अंगावर फार वेळ ठेवू नये. नाव एक सांगते आणि पुस्तिका दुसरेच सांगते. असे का?

दिवसभर वर्गात उभे राहून आलेल्या शिक्षकाला रात्री पलंगावर पाय पसरून गुणपत्रके भरावीशी वाटतात. बारावीची विद्यार्थिनी सोफ्यावर बसून एखादे व्याख्यान ऐकते. घरी लॅपटॉपचा वापर बराचसा असाच होतो. खरेदी करताना मात्र आपण किंमत पाहतो, स्मृती किती ते विचारतो, प्रोसेसर कोणता ते विचारतो. गादीवर तो कसा वागेल, हे कोणी विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

वीज जाते कुठे?

पंप पाणी वर चढवतो, गिरणी धान्य दळते. लॅपटॉप यांपैकी काहीच करत नाही. त्याने घेतलेल्या विजेचा अल्पसा भाग प्रकाश, आवाज आणि रेडिओलहरी यांच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली सगळी वीज यंत्रातच उष्णता बनते. म्हणजे ३० वॉट वीज घेणारा लॅपटॉप ही, गणित करणारी का होईना, जवळजवळ ३० वॉटची शेगडीच होय.

आपला लॅपटॉप किती वॉटची शेगडी आहे, हे काढणे सोपे आहे. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. समजा ती ५० वॉट-तास आहे आणि आपल्या नेहमीच्या कामात बॅटरी १० तास टिकते. ५० भागिले १० म्हणजे सरासरी ५ वॉट. तीच बॅटरी दुसऱ्या यंत्रात २ तासांत संपत असेल, तर ते यंत्र २५ वॉट उष्णता बाहेर टाकत आहे. म्हणून ‘बॅटरी किती तास टिकते?’ हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. लॅपटॉप किती तापेल, याचेही उत्तर त्यात आहे.

गादी काय करते?

गादी किंवा गोधडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ती उष्णता अडवते. कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णतेची मंद वाहक असते, म्हणून थंडीत गोधडीची ऊब वाटते. लॅपटॉपच्या बाबतीत नेमका हाच गुण अडचणीचा ठरतो.

आकडेमोड करून पाहू. मध्यम आकाराच्या लॅपटॉपचा तळ ३० सेंमी लांब व २१ सेंमी रुंद, म्हणजे ०.०६३ चौरस मीटर धरू. कापसाची उष्णतावाहकता साधारण ०.०४ वॉट प्रति मीटर प्रति अंश असते. गादी १० सेंमी जाड आहे आणि लॅपटॉपचा तळ गादीच्या खालच्या बाजूपेक्षा २० अंशांनी जास्त गरम आहे असे समजू. वाहकता, क्षेत्रफळ व तापमानातील फरक यांचा गुणाकार करून जाडीने भागले, तर उत्तर येते अर्धा वॉट! गादीतून खाली इतकीच उष्णता जाते. तळाची वाट जवळजवळ बंदच झाली म्हणायची.

आता वरची बाजू पाहू. उघड्या पृष्ठभागावरून अभिसरण आणि प्रारण या दोन्ही मार्गांनी मिळून, दर चौरस मीटरला दर अंश फरकामागे सुमारे १० वॉट उष्णता बाहेर पडते. हा आकडा ढोबळ असला तरी आपल्या कामाला पुरेसा आहे. खोलीचे तापमान २८ अंश आणि लॅपटॉपचा कळफलक ३८ अंश असेल, तर फरक १० अंशांचा. म्हणजे वरच्या बाजूने सुमारे ६ वॉट बाहेर पडतील. पडद्याला लागणाऱ्या विजेची उष्णता पडद्यावरूनच जाते, तिची चिंता वेगळी करायला नको.

यावरून एक साधा ठोकताळा मिळतो. सरासरी ५-६ वॉट घेणारा लॅपटॉप गादीवर ठेवला तरी कोमटच राहील. २५ वॉट घेणाऱ्याचा निभाव मात्र पंख्याशिवाय लागणार नाही.

यात खोलीचे तापमान महत्त्वाचे आहे. उष्णता वाहते ती तापमानातील फरकामुळे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी खोलीतच ४० अंश असतील, तर तेवढेच ६ वॉट बाहेर टाकायला कळफलकाला ५० अंशांवर जावे लागेल. अनेक लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीत वापरासाठी खोलीचे कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी ही ओळ जरूर शोधून वाचावी. छताचा पंखा चालू ठेवल्याने अभिसरण वाढते आणि यंत्रालाही आपल्याइतकाच आराम मिळतो.

पंख्याचा श्वास

जास्त वीज घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये एक किंवा दोन छोटे पंखे असतात. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते आणि एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक ज्यूल लागतो. पंख्याने दर सेकंदाला एक लिटर हवा ओढली आणि ती १५ अंशांनी तापवून बाहेर टाकली, तर १८ वॉट उष्णता बाहेर गेली. एवढ्याशा पंख्याची ही कामगिरी मोठीच आहे.

पण ही हवा आत येते कुठून? बहुतेक लॅपटॉपमध्ये ती तळाच्या जाळीतून येते. तळाला रबराचे दोन-तीन मिलिमीटर उंचीचे पाय असतात आणि टेबलावर तेवढी फट हवेला पुरते. गादीवर हे पाय रुततात, चादर जाळीला चिकटते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. शिवाय चादरीतले तंतू आत ओढले जातात व उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये साचून बसतात. काही महिन्यांनी मग टेबलावरही पंखा घोंगावू लागतो.

प्रोसेसर जळू नये म्हणून त्याला स्वसंरक्षण दिलेले असते. त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की तो आपली गती कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते. म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेला वेगवान लॅपटॉप गादीवर मंद होतो. ज्या वेगाचे पैसे दिले, तो वेग मिळतच नाही. बॅटरीचे नुकसान तर कायमचे असते. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि गेलेली क्षमता परत येत नाही.

मांडीचे काय?

प्रोसेसरला स्वसंरक्षण आहे, तसे ते त्वचेलाही आहे : वेदना. पण ही सूचना साधारण ४३ ते ४५ अंशांच्या पुढे मिळते. त्याखालची ऊब सुखावह वाटते, आणि खरा धोका येथेच आहे.

भाजणे हे तापमानाइतकेच वेळेवरही अवलंबून असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. ६० अंशांना त्वचा काही सेकंदांत भाजते. ४४ अंशांनाही भाजते, पण त्यासाठी सुमारे ६ तास लागतात. एका बैठकीत न भाजणारी ऊबही रोज त्याच जागी मिळाली, तर त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. शेकोटीजवळ वर्षानुवर्षे बसणाऱ्यांच्या पायांवर हे डाग डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर ते दिसतात आणि अनेक वर्षांनी अशा जागी क्वचित कर्करोगही होतो. लॅपटॉपमुळे असे डाग पडल्याच्या नोंदी २००४ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. २०१० साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी नोंदवलेला रुग्ण अवघा १२ वर्षांचा मुलगा होता. त्याची डावी मांडी जास्त डागाळली होती, कारण लॅपटॉपची डावी बाजू अधिक तापत होती.

लॅपटॉपची कांगडी होऊ द्यायची नसेल, तर उबदार वाटले की जागा बदलावी. मुलांना ही गोष्ट कारणासह सांगावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर लॅपटॉप मांडीवर घेऊच नये. वेदनेची सूचना त्यांना मिळत नाही.

दुकानात काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे लॅपटॉप उलटा करून पाहावा. तळाला मोठी जाळी दिसली, तर तो टेबलाचा लॅपटॉप आहे असे समजावे. काही यंत्रांत हवा कळफलकाकडून किंवा बिजागरीच्या बाजूने आत येते. ती गादीवर अधिक बरी. काहींत पंखाच नसतो. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेला मॅकबुक एअर असा होता. त्याच्या ॲल्युमिनियमच्या कवचातूनच उष्णता पसरून बाहेर जाते. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता प्लॅस्टिकच्या सुमारे हजारपट असते, त्यामुळे एकच जागा फार तापत नाही.

दुसरी गोष्ट चार्जरवरचे आकडे. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. २० व्होल्ट आणि २.२५ अँपिअर म्हणजे ४५ वॉट, १९.५ व्होल्ट आणि ९.२३ अँपिअर म्हणजे १८० वॉट. ही चार्जरची कमाल शक्ती आहे, नेहमीचा खर्च नव्हे. तरीही १८० वॉटचा चार्जर लागणारे यंत्र खेळ व चलच्चित्र-संपादन यांसाठी घडवलेले असते. वाचन, पत्रव्यवहार आणि चित्रपट यांसाठी ते पलंगावर आणणे म्हणजे भाजी आणायला ट्रक नेणे होय.

तिसरी गोष्ट वजन. सव्वा ते दीड किलो आणि १३-१४ इंची पडदा हे मांडीला सोसणारे माप. वेगळा होणारा कळफलक आणि मागे टेकू असलेली यंत्रे टेबलावर छान उभी राहतात, पण गादीवर टेकू रुततो आणि पडदा मागे कलंडतो. जुना लॅपटॉप घेत असाल तर त्यात फिरती चकती नाही ना, हे विचारावे. चालू असताना बसणारे धक्के तिला सोसत नाहीत.

चौथी गोष्ट बिजागरी. आपण उशांना टेकून, गुडघे उंचावून बसलो की लॅपटॉपचा तळ आपल्याकडे उतरता होतो. उतार ३० अंशांचा असेल, तर पडदा नुसता उभा ठेवायलाच तो १२० अंश उघडावा लागतो. त्यात नजर ३० अंश खाली असेल, तर पडदा नजरेला काटकोनात आणायला १५० अंश लागतात. बिजागरी १३५ अंशांवर अडकत असेल, तर उरलेली तडजोड आपल्या मानेला करावी लागते. ही आकृती फळ्यावर काढून दाखवण्याजोगी आहे.

मानेचे गणितही साधे आहे. डोक्याचे वजन सुमारे ५ किलो. मान पुढे झुकवली की मानेच्या स्नायूंवर येणारा भार कोनाच्या ज्येच्या प्रमाणात वाढतो. १५ अंशांना ज्या ०.२६, ३० अंशांना ०.५०, ६० अंशांना ०.८७. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी सोयीच्या उंचीवर येत नाहीत. म्हणून कोणताही लॅपटॉप घेतला, तरी पलंगावर अर्ध्या तासाने उठावेच.

चौरंग कामाला येतो

ज्यांच्याकडे लॅपटॉप आधीच आहे, त्यांनी नवा घेण्याची गरज नाही. घरातला चौरंग मांडीच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असा पलंगावर ठेवावा आणि लॅपटॉप त्यावर. चौरंग लहान असेल तर पाट किंवा प्लायवूडची फळी चालेल. जाळीखाली फट राहते, मांडी दूर राहते आणि पडदाही थोडा उंचावतो. पेढीवरच्या मुनिमाचे उतरते मेज याच कामासाठी होते. बैठक मारून लिहिणाऱ्याला ते कधीच ठाऊक होते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे : चार्ज होत असलेला लॅपटॉप किंवा त्याचा चार्जर पांघरुणाखाली ठेवून झोपू नये. लिथियमच्या बॅटरीत बिघाड झाला, तर तिच्या आगीला कापूस आयताच मिळतो.

वर्गात यावर एक प्रयोग करता येईल. स्टीलचे दोन सारखे चपटे डबे घ्या. दोन्हींत ६० अंशांचे सारखेच पाणी भरा. एक डबा फरशीवर ठेवा, दुसरा घडी केलेल्या गोधडीवर. दर पाच मिनिटांनी दोन्हींचे तापमान नोंदवून आलेख काढा. मग तिसरा डबा चौरंगावर ठेवून त्याची रेषा या दोन रेषांच्या कुठे पडते, ते विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगा आणि नंतर मोजायला.