शिंतोड्यांचा माग

टोमॅटोचा करपा खालच्या पानांपासून वर चढतो, हे नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. मातीत आणि कुजक्या पाल्यात बुरशीचे बीजाणू दडलेले असतात. पावसाचा थेंब आपटला की शिंतोड्यांबरोबर तेही उडतात. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने येतो. एवढ्या झपाट्यात काय घडलं ते डोळ्याला कळत नाही. म्हणूनच थेंबांचे फोटो मला शेतीच्या कामाचे वाटतात.

इंग्लंडमधला भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन आधी अंधाऱ्या खोलीत ठिणगीच्या उजेडात थेंब पाहायचा आणि दिसलं ते लगेच कागदावर काढायचा. थेंब आपटल्यावर उठणारे पाण्याचे मुकुट त्या चित्रांत रेखीव, चहूबाजूंनी सारखे. पुढे ठिणगीच्याच उजेडात त्याने फोटो घेतले, तर कुठे कड तुटलेली, कुठे एक टोक लांब, शेजारचं आखूड. हातून नकळत होणारी डागडुजी फोटोने थांबवली. विज्ञानातली ही फार मोठी शिकवण आहे. त्याचं पुस्तक १९०८ साली निघालं. १९५७ मधला हॅरॉल्ड एजर्टनचा दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचा फोटो जगभर गाजला, पण माझ्या लेखी वर्दिंग्टनचे वेडेवाकडे मुकुट अधिक मोलाचे.

२००५ साली शिकागो विद्यापीठात आणखी नवल दिसलं. गुळगुळीत कोरड्या काचेवर थेंब सोडताना भोवतालच्या हवेचा दाब पुरेसा कमी केला, तर शिंतोडे उडेनासेच झाले. थेंब नुसता पसरला. म्हणजे शिंतोड्यांत हवेचाही हात असतो.

शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचं काम २०१५ चं, लिडिया बुरुइबा आणि त्रिस्तां जिले या संशोधकांचं. पानावर आधीच साचलेल्या रोगट पाण्याशेजारी नवा थेंब पडतो, पान लवतं, आणि साचलेलं पाणी चंद्रकोरीसारखं हवेत फेकलं जातं. रोग एका पानावरून दुसऱ्यावर कसा उडी मारतो, ते त्या चित्रांत दिसतं.

सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा महाग असतो खरा, पण एकेक क्षण टिपायला साधा कॅमेराही चालतो. खोलीत काळोख करायचा, शटर उघडं ठेवायचं आणि सलाइनच्या नळीतून थेंब सोडायचा. फ्लॅश सर्वांत कमी ताकदीवर ठेवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो; थेंब गोठतो तो त्या उजेडाने. फ्लॅश किंचित उशिरा उडवत गेलं की एकामागून एक थेंबांतून सगळा क्रम जुळवता येतो.

जुन्नर, घोडेगावच्या कॉलेजांनी हे जरूर करावं. एका ताटात पूर्वेकडच्या टोमॅटोच्या वावरातली उघडी माती घ्यावी, दुसऱ्यात भीमाशंकरकडच्या भातखाचरातली, वर बोटभर पाणी ठेवून. उघड्या मातीतून चिखलाचे कण उसळतील. खाचरात मुकुट उठेल, पण तळाची माती बहुतेक जागची हलणार नाही. तिसऱ्या ताटावर मल्चिंग पेपर ताणावा. थेंब तिथेही फुटेल, पण उडेल ते पाणी. त्यात माती नसेल.